शरूताई आणि वाल्या

शरूताई गेल्याचं मला केव्हिनने फोनवर सांगितलं. "शरू इज गॉन, मेट," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "गॉन? कुठे?" कारण माझ्या मनात आधी आलं ते हेच, की ह्या बाईंनी केव्हिनला हाताशी धरून काहीतरी नवा उद्योग काढलाय. दुःख वगैरे नंतर झालं. आधी मी फोन कानाला घट्ट लावून पलीकडे कुणी हसू दाबतंय का ते ऐकत राहिलो. ऑस्ट्रेलियातल्या ह्या टूवूंबात शरूताईंना ओळखणाऱ्या कुठल्याही माणसाने तेच केलं असतं.

शरयू देवस्थळी, मूळच्या मिरजेच्या. नवरा जनावरांचा डॉक्टर, त्याच्या नोकरीपायी लग्नानंतर लगेच टूवूंबाला आल्या. तेव्हा इथे मराठी माणूस औषधालाही नव्हता. मुलींच्या शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवलं. पुढे निवृत्त झाल्या, नवरा गेला, मुलगा मिहीर मेलबर्नला पॉइंट कुकमध्ये घर घेऊन राहिला. एवढी माहिती खरी आहे, मी मिहीरकडून पक्की करून घेतलीय. बाकी ताईंनी स्वतःबद्दल जे काही सांगितलं त्याची हमी मी देणार नाही. माझ्या बायकोला, मुग्धाला, त्यांनी सांगितलं होतं की लग्नाआधी त्या सर्कशीत हिशेब ठेवायच्या. मुग्धा दोन वर्षं ते खरं धरून चालली होती.

आमची ओळख सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये झाली. मी इथल्या हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर म्हणून नुकताच लागलो होतो. सेकंडहँड गाडी होती, रिव्हर्स घेताना मागची ट्रॉली ठोकली आणि तोंडातून पुण्यातल्या रस्त्यावरची एक अस्सल शिवी निघून गेली. टूवूंबात कुणाला काय कळतंय! तेवढ्यात शेजारून आवाज आला, "अर्धीच दिलीत. पुढचा भाग विसरलात की लाजलात?"

बघतो तर सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज आणि डोक्यावर गुराख्याची असते तशी रुंद काठाची हॅट घातलेली एक किडकिडीत बाई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी, मला वाटलं इथे..."

"सगळ्यांना असंच वाटतं. म्हणून तर मजा येते. काय करता?"

"हॉस्पिटलमध्ये एक्सरे काढतो."

"छान. मग शनिवारी चहाला या, एक्सरे. बायको असेल तर तिलाही आणा. नसली तर तसं सांगा, माझ्या डोक्यात दोन मुली आहेत."

त्या दिवसापासून मी त्यांचा 'एक्सरे' झालो आणि दुसऱ्याच भेटीत 'अहो'चा 'अरे' झालो. माझं खरं नाव त्यांनी पुढे एकदाच उच्चारलं. ते कधी, ते येईलच.

मग त्या आपल्या गाडीत बसल्या आणि मी बघतच राहिलो. फिकट पिस्त्याच्या रंगाची, साठच्या दशकातली व्हॅलियंट. पुढून डोळे वटारल्यासारखी, मागच्या बाजूला शेपटीसारखे पंख, आणि डिकीच्या झाकणावर चक्क एका चाकाचा गोल उठाव, जणू आतली स्टेपनी झाकणातून बाहेर यायला बघतेय. गिअरची दांडी नाहीच. डॅशबोर्डवर बटणं, जुन्या रेडिओला असायची तशी. ताईंनी एक बटण खटकन दाबलं, हॅटला हात लावला आणि गेल्या.

इथले लोक ह्या गाडीला लाडाने 'व्हॅल' म्हणतात. ताईंनी त्याचं 'वाल्या' केलं होतं. "वाल्या कोळी रे! तोही वाट अडवायचा, हाही अडवतो." हे शंभर टक्के खरं होतं. टूवूंबा डोंगराच्या काठावर वसलंय. खालच्या सपाटीवरून वर यायचं तर चांगलाच उभा घाट चढावा लागतो. ताई वाल्याला घेऊन तो घाट चढायला लागल्या की मागे ट्रक, यूट म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाड्या, कॅरव्हॅन ह्यांची अशी रांग लागायची की वाटावं कुठल्या तरी मंत्र्याची मिरवणूक निघालीय. कुणी हॉर्न दिला तर ताई खिडकीतून हात काढून राणीसारखा हलवायच्या.

ही गाडी त्यांच्याकडे कशी आली, ते मात्र त्या एकाच पद्धतीने सांगत. म्हणून ते खरं असावं. त्या आल्या तेव्हा गावात दोन घराणी होती. म्हणजे गाड्यांची. ह्या कंपनीची गाडी चालवणारा त्या कंपनीवाल्याच्या घरी मुलगी द्यायला का-कू करायचा. शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतसुद्धा दोन टेबलं होती. ताईंना विचारलं, तुम्ही कुठल्या? "मी म्हटलं, दोन्ही घरं भांडकुदळ, मी कुठेच सून म्हणून जाणार नाही." नवऱ्याच्या ओळखीतली एक म्हातारी विधवा दुधाचा गोठा चालवायची. तिची व्हॅलियंट तिला आता झेपत नव्हती. तिने ती ताईंना दिली आणि त्याच गोठ्याच्या मागच्या कुरणात गाडी चालवायला शिकवली. "गाईंना उजवीकडून ओव्हरटेक करायला शिकले मी. माणसं त्या मानाने सोपी."

अशी गाडी रस्त्यावर उभी राहिली की माणसं जवळ येणारच. पेट्रोल पंपावर, सिग्नलला, चर्चच्या बाहेर. आणि प्रत्येक जण तेच विचारायचा, डिकीवर हे चाक कसलं? ताईंनी कुणालाच एकसारखं उत्तर दिलं नाही. सिडनीहून आलेल्या एका जोडप्याला म्हणाल्या, एका उन्हाळ्यात इतकं तापलं की पत्रा मऊ झाला आणि आतल्या स्टेपनीचा ठसा उमटला. त्या जोडप्याने त्या ठशाचा फोटो काढला. दुसऱ्या एकाने बॉनेट उघडल्यावर इंजिन तिरकं कलंडलेलं पाहिलं आणि काळजीने विचारलं, ह्याला काय झालं? ताई गंभीरपणे म्हणाल्या, "अमेरिकेहून बोटीने आली ना. विषुववृत्त ओलांडताना सगळंच जरा कलतं. माझंही कललं होतं, मी सरळ झाले. इंजिन तसंच राहिलं."

मी एकदा न राहवून म्हटलं, "ताई, तुम्ही गणिताच्या बाई. असं खोटं कसं सांगता?"

"खरं काय, कुणीही सांगतं," त्या बडीशेप चघळत म्हणाल्या. "आणि खोटं नाही रे ते. त्या माणसाला घरी जाऊन सांगायला काहीतरी नको का?"

हे असंच चालू राहिलं असतं. पण गावात फुकट वाटलं जाणारं एक साप्ताहिक होतं आणि त्यात युनीतून, म्हणजे विद्यापीठातून, नुकतीच बाहेर पडलेली एक उत्साही मुलगी वार्ताहर म्हणून लागली होती. तिने ताईंना पंपावर गाठलं, मुलाखत घेतली आणि पुढच्या अंकात अर्धं पान छापून आलं. हॅट घातलेल्या ताईंचा वाल्याला टेकून फोटो, आणि खाली व्हॅलियंट गाडीचा समग्र इतिहास. उन्हाने उमटलेलं चाक, विषुववृत्तावर कललेलं इंजिन, आणि बटणांबद्दल तर कहरच होता. म्हणे अमेरिकेत लिफ्टची बटणं जास्त बनली होती, ती संपवायला गाड्यांना लावली.

पुढच्या रविवारी सकाळी मी ताईंच्या परसातल्या लिंबांचा मुरंबा ढवळत होतो. मुग्धाने मला त्या कामाला तिथे सोडलं होतं. बेल वाजली. दारात एक उंच, गोरा, सत्तरीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात ते साप्ताहिक. लेखभर लाल शाईच्या खुणा.

"मिसेस देवस्थळी?" त्याने आडनाव बरोबर उच्चारलं. म्हणजे घरी सराव करून आला होता. "माझं नाव केव्हिन. जुन्या व्हॅलियंट बाळगणाऱ्यांचा आमचा एक क्लब आहे, मी त्याचा अध्यक्ष. ह्या लेखात अकरा चुका आहेत."

"अकराच?" ताई म्हणाल्या. "या ना, बसा."

केव्हिन बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "डिकीवरचं चाक ही नुसती नक्षी आहे. उन्हाचा काही संबंध नाही."

"अगं बाई! खरंच?" ताईंनी गालावर हात ठेवला. हा मराठी उद्गार त्यांनी तसाच त्याच्यापुढे ठेवला आणि त्याला तो समजला. "पण मग त्यांनी असं खोटं चाक का काढलं?"

केव्हिनने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिथे तो फसला. उत्तर मोठं होतं. उत्तरासाठी अमेरिकेत जावं लागत होतं. तो खुर्चीच्या टोकावर बसला. तिकडे म्हणे गाड्या बोटीएवढ्या होत चालल्या होत्या आणि लोक युरोपातल्या छोट्या गाड्या घ्यायला लागले होते. मग तिथल्या कंपन्यांनी आपल्यापुरत्या छोट्या, म्हणजे कॉम्पॅक्ट गाड्या काढल्या. त्यातली ही एक. पहिल्यांदा दाखवली ती लंडनच्या प्रदर्शनात. इंजिन मुद्दाम तिरकं बसवलेलं, म्हणजे बॉनेट ठेंगणं ठेवता येतं. गाड्यांचे भाग पेट्यांतून ॲडलेडला यायचे आणि इथे जोडले जायचे.

ताईंनी चहा ठेवला. चकल्या काढल्या. "पण केव्हिन, छोटी म्हणता? माझ्या गॅरेजमध्ये ही मावत नव्हती. भिंत पाडली आम्ही."

"तीच तर गंमत आहे!" केव्हिन आता पूर्ण खुर्चीत होता. "तिकडची कॉम्पॅक्ट ही इथली मोठी फॅमिली कार झाली. तिकडे घरातलं सगळ्यात लहान, इथे सगळ्यांत दांडगं."

"म्हणजे तिकडे शेंडेफळ, इथे थोरली जाऊ," ताई मला मराठीत म्हणाल्या. आणि त्याला इंग्रजीत, "गो ऑन, गो ऑन."

मग इथली व्हॅलियंट हळूहळू तिकडच्यापासून कशी वेगळी होत गेली, इथलीच कशी झाली, आणि अमेरिकेत त्या नावाची गाडी बंद पडल्यावरही इथे काही वर्षं कशी बनत राहिली, हे सगळं झालं. इथे मात्र ताई एकदम थांबल्या. चकली हातातच राहिली.

"तिकडे बंद झाल्यावरही इथे चालू होती?"

"हो."

"हं," त्या म्हणाल्या. "मी अजून 'अय्या' म्हणते. मिरजेत माझी भाची हसते मला. तिकडे आता कुणी म्हणत नाही म्हणे."

केव्हिनला ह्यातलं फारसं कळलं नसावं. पण त्याने मान हलवली आणि पुढची चकली उचलली. तो आला होता सकाळी, गेला जेवून, वरणभात खाऊन. जाताना दारात लाजत म्हणाला, "मी फार बोललो. माझी बायको असताना ती मला थांबवायची." ताई म्हणाल्या, "मी थांबवणार नाही. पुढच्या रविवारी त्या बटणांचं सांगा."

तो गेल्यावर मी म्हटलं, "ताई, ह्यातलं तुम्हाला काय माहीत नव्हतं?"

"तिकडे बंद पडूनही इथे चालू राहिली, ते सोडून सगळं माहीत होतं. दोन पुस्तकं आहेत आत त्या गाडीवर."

"मग?"

"तू त्याचा शर्ट बघितलास का? बायको नसलेल्या माणसाने रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कुणाच्या तरी चुका काढायला जायचं, म्हणजे त्याला किती दिवसांत कुणी काही विचारलं नसेल! आणि मुरंबा लागला बघ खाली."

केव्हिन दर रविवारी यायला लागला. वाल्याची देखभाल त्याने आपल्याकडे घेतली आणि दरवेळी एक इशारा द्यायचा, "शरू, गिअरच्या बटणांची केबल जुनी झालीय. रिव्हर्सचं बटण उगाच दाबू नकोस." ताई म्हणायच्या, "मी आयुष्यात कधी मागे गेलेले नाही."

आणि त्या मागे गेल्या त्या ओंकारच्या लग्नात.

ओंकार नाशिकचा. इथे युनीत शिकायला आला, शेतीच्या यंत्रांच्या कंपनीत लागला आणि हॅना नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीच्या प्रेमात पडला. लग्न तिच्या वडिलांच्या, ग्रॅहॅमच्या, शेतावर. गावाबाहेर, लाल मातीचा लांब रस्ता, टोकाला सजवलेली लोखंडी शेड. आपल्या पद्धतीने वरात हवी असं ओंकारच्या आईचं म्हणणं. ग्रॅहॅम म्हणाला, घोडा आहे की माझ्याकडे. ओंकारने तो घोडा पाहिला, घोड्याने ओंकारला पाहिलं, आणि दोघांचंही मत प्रतिकूल झालं. तेव्हा ठरलं, वाल्या.

शेताच्या फाटकापाशी गाडीला फुलांच्या माळा लावल्या. ओंकार फेटा बांधून मागे बसला. मी ताईंच्या शेजारी, मांडीवर स्पीकर घेऊन, त्यातून ढोलताशा. फाटक अरुंद म्हणून ताईंनी गाडी सरळ करायला जरा मागे घेतली. रिव्हर्सचं बटण खटकन आत गेलं आणि ते तसंच राहिलं. बाकीची बटणं दाबली, फक्त रिकामा टक्‌टक् आवाज. पुढे जायचा गिअर नाही. समोर लांब रस्ता, शेवटी दोनशे माणसं उभी. ओंकारची आई हातात आरतीचं ताट घेऊन ऊन झेलत होती.

ओंकार मागून म्हणाला, "ताई, मी चालत जाऊ का?"

"नवरदेव चालत जातो? शुभ बोल." ताईंनी हॅट काढून माझ्याकडे दिली. "एक्सरे, आवाज वाढव."

त्यांनी तिथल्या तिथे वर्तुळ घेऊन गाडीची पाठ शेडकडे केली, मान मागे वळवली, एक हात माझ्या सीटच्या पाठीवर टाकला आणि निघाल्या. आख्खा रस्ता उलट. गाईंना ओव्हरटेक करायला शिकलेली बाई ती. एकदाही चाक कडेच्या गवतात गेलं नाही. डिकीवरचं ते चाक आणि त्यावर झेंडूची माळ सगळ्यांच्या आधी मंडपाला पोचली. लोकांनी टाळ्यांचा गजर केला. त्यांना वाटलं असंच असतं.

ग्रॅहॅम पुढे आला. डोळे मोठे करून म्हणाला, "व्वा! पण उलटं का?"

ताई शांतपणे उतरल्या, साडी झटकली. "फार जुनी प्रथा आहे, ग्रॅहॅम. नवऱ्याने वेळेआधी नवरीचं तोंड बघायचं नाही. म्हणून तो पाठमोरा येतो."

"आणि आरसा?"

"आरसा आम्ही वळवून ठेवतो."

ओंकारच्या आईने ताईंकडे एक कटाक्ष टाकला. नाशिकची बाई, तिला काय कळायचं ते कळलं. पण तिनेही औक्षण केलं आणि ग्रॅहॅमला म्हणाली, "येस, येस, व्हेरी ओल्ड." केव्हिन पाहुण्यांत उभा होता. त्याचा चेहरा असा झाला होता की कुणी त्याच्या समोर बायबलचं पान फाडलंय. "केबल आहे ती," तो माझ्या कानात पुटपुटला. "नुसती केबल आहे."

पुढच्याच वर्षी ग्रॅहॅमच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. नवरा पक्का इथला, कापूस पिकवणारा. तो आपल्या यूटमधून आला, लाल मातीवरून, आख्खा रस्ता रिव्हर्समध्ये. ग्रॅहॅम अभिमानाने सगळ्यांना सांगत होता, "फॉर लक. इंडियन ट्रॅडिशन." ताई पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होत्या. शेजारची बाई त्यांना म्हणाली, लग्नात मलाही असंच भरून येतं.

थट्टेला त्यांनी कुठेच कुंपण घातलं नव्हतं असं मला वाटायचं. ते होतं, हे मला एका मंगळवारी दुपारी कळलं.

मी ड्युटीवर होतो. फोन वाजला. "मंदार," ताई म्हणाल्या. माझं नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, म्हणून मी आधी ओळखलंच नाही. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे आलेय. शिफ्ट संपली की इथे येशील? गाडी न्यायचीय."

पंचाहत्तरीनंतर इथे गाडी चालवायची तर डॉक्टरचं सर्टिफिकेट जवळ ठेवावं लागतं. त्याचसाठी त्या गेल्या होत्या. मी पोचलो तेव्हा त्या क्लिनिकबाहेर बाकावर बसल्या होत्या. वाल्या समोरच उभा होता. किल्ली त्यांच्या मुठीत.

"डोळ्याचा मधला भाग झिजतोय म्हणे. दोन्ही. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होत जाणार." त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "मला वाटायचंच. गेले काही दिवस समोरच्या गाडीचा नंबर वाचता येत नव्हता."

"ताई, घर दोन मिनिटांवर आहे. डॉक्टरनी आजपासूनच नको असं..."

"समोरून एखादं पोर सायकलवर आलं तर?" त्या मला तोडून म्हणाल्या. आवाज शाळेतल्या बाईंचा होता. "चल. बटणं हळू दाब."

त्या उजव्या दाराकडे गेल्या, थांबल्या, आणि वळसा घालून डावीकडे येऊन बसल्या. मी गाडी काढली. त्यांनी हॅट मांडीवर ठेवली होती आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या. जॅकरँडा फुलले होते, रस्ताभर जांभळा सडा. एका वळणावर त्या म्हणाल्या, "ह्या बाजूने किती वेगळं दिसतं रे. त्या कोपऱ्यावर घर आहे हे मला माहीतच नव्हतं." मग त्यांनी हॅट परत डोक्यावर ठेवली. "आणि एक्सरे, तू फार हळू चालवतोस. मागे रांग लागलीय बघ."

मी आरशात पाहिलं. मागे खरंच रांग होती. ताईंनी खिडकीतून हात काढला आणि राणीसारखा हलवला.

मिहीर त्याच आठवड्यात मेलबर्नहून आला. तो समजावण्याची सगळी तयारी करून आला होता. आईला एकटं कसं ठेवायचं, पॉइंट कुकच्या घरात तिची वेगळी खोली कशी आहे, खाडीवर फिरायला किती छान रस्ता आहे. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येते." मिहीर घाबरलाच. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई इतक्या लवकर हो म्हणाली. काहीतरी शिजतंय का?" मी म्हटलं, "नाही रे. ह्यावेळी नाही."

वाल्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला. तो केव्हिनकडे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, केव्हिनला सोडून. त्या रविवारी ताईंनी त्याला समोर बसवलं. "केव्हिन, गाडी तुझी. एका अटीवर. आठवड्यातून एकदा, कुणीही तिच्याबद्दल विचारलं, की एक थाप मारायची."

केव्हिन पांढरा पडला. "शरू, मी क्लबचा अध्यक्ष आहे."

"म्हणूनच."

"मला येत नाही."

"मला तरी कुठे यायचं? सवयीने येतं."

तो दोन दिवस विचार करत होता. मग हो म्हणाला. पहिली थाप मारायचा दिवस आला तेव्हा ताई अजून गावातच होत्या. त्याने मला सोबत नेलं, पंपावर. एका तरुणाने विचारलं, "नाइस कार, मेट. मागे चाक कसलं?" केव्हिनचे कान लाल झाले. "ते... उन्हाने," तो म्हणाला. "पत्रा वितळून." तरुण म्हणाला, "नो वे!" आणि खूष होऊन आपल्या गाडीत बसला. केव्हिन क्षणभर उभा राहिला. मग त्याच्या मागे धावत सुटला, "ॲक्च्युअली! ॲक्च्युअली, मेट!" पण गाडी निघून गेली होती. आम्ही परत आलो आणि मी ताईंना हे सांगितलं, तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. केव्हिन कोपऱ्यात गुन्हेगारासारखा बसला होता. "तो माणूस आता कुणाकुणाला सांगेल!" तो म्हणाला. मग जरा थांबून, "चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता त्याचा." आणि तोही हसायला लागला. केव्हिनला मी हसताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

ताई मेलबर्नला गेल्यावर टूवूंबातले शनिवार रिकामे झाले. फोन व्हायचे. पॉइंट कुकमध्ये सगळी घरं एकसारखी आहेत, मी मुद्दाम चुकून शेजाऱ्यांकडे शिरते आणि चहा पिऊन येते, वगैरे. खरं किती, कोण जाणे.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. हॉस्पिटलच्या कामाने मेलबर्नला गेलो होतो, शेवटच्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन पॉइंट कुकला गेलो. ताई वाळल्या होत्या. बोलताना माझ्या चेहऱ्याकडे न बघता जरा माझ्या कानाकडे बघायच्या, कारण कडेचंच दिसत होतं. नातीने, ईराने, इंग्रजीत सांगितलं की आजी तिला गणित शिकवते आणि मध्येच एक चुकीचं उत्तर देते, मी पकडायचं असतं. आम्ही खाडीवर थोडं चाललो. वारा फार होता. त्या माझ्या दंडाला धरून चालत होत्या, घट्ट, पण धरलंय असं न दाखवता.

निघताना त्या अंगणापर्यंत आल्या. "सांभाळून जा." मी पाया पडलो, माझ्या गाडीपाशी गेलो. गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, तशाच पांढऱ्या दुसऱ्या एका गाडीच्या मागे. मी दार उघडतच होतो, तेवढ्यात पुढची गाडी सुरू होऊन निघाली. शेजाऱ्यांची कुणाची तरी. आणि ताईंनी त्या गाडीकडे बघत हात उंच केला.

त्या हात हलवत राहिल्या. ती गाडी वळणापर्यंत गेली, वळली, दिसेनाशी झाली, तरी हलवत होत्या. चेहऱ्यावर हसू. वाऱ्याने पदर उडत होता. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर, उघड्या दाराला धरून उभा होतो. हाक मारावी असं वाटेना. मारली असती तर त्यांना कळलं असतं की त्यांना दिसलं नाही. बाहीने डोळे पुसले. मी आवाज न करता गाडीत बसायला वाकलो.

"रडलास ना?" ताई रस्त्याकडेच बघत म्हणाल्या.

मी तसाच वाकलेला.

"अरे, ती शेजारच्या टोनीची गाडी. तुझं दार करकरतंय इतकं की ॲडलेडला ऐकू जाईल." त्यांनी हात खाली घेतला आणि मान जरा तिरकी करून माझ्या दिशेला पाहिलं. "जा आता. फ्लाइट चुकेल."

मी गाडी काढली. त्यांनी खरंच ओळखलं होतं की दाराचा आवाज ऐकून नंतर सावरून घेतलं, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. आरशात पाहिलं तेव्हा त्या अंगणात उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून, आणि हसत होत्या.